डाव्या हाताला समुद्र

टेंभुर्णीहून कुठल्याही दिशेनं निघालं तरी समुद्र गाठायला दिवसभराची एसटी आणि वर रात्रीची गाडी लागते. भूगोल माझा विषय नाही, मी गणिताचा मास्तर. तरी हे सांगावं लागतं, कारण आमच्या शाळेचे पीटीचे सर निवृत्ती सोनुने यांनी जवळजवळ वीस वर्षं, दर रविवारी सकाळी, गायरानात उभं राहून मला बजावलं की समुद्र आपल्या डाव्या हाताला आहे. डाव्या हाताला महेबूबभाईंचं कपाशीचं रान होतं. ते मलाही दिसत होतं, सोनुने सरांनाही दिसत होतं आणि बांधावर चरणाऱ्या शेळ्यांनाही दिसत होतं. पण तसं बोलून दाखवायची सोय नव्हती.

मग मी जात का होतो, असं माझ्या बायकोनं मला पुष्कळदा विचारलं. एक तर त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती. दुसरं म्हणजे, नाही म्हणायची जी एक वेळ असते ती मी पहिल्याच रविवारी चुकवली. त्यानंतर भिंतीपलीकडून शिट्टी वाजायची आणि मी मुकाट्यानं चपला शोधायला लागायचो.

सर लष्करात होते. तिकडे दक्षिणेत कुठल्याशा बंदराच्या गावी त्यांची बरीच वर्षं गेली. तिथं साहेब लोकांसाठी समुद्राच्या कडेला नऊ होलांचं गोल्फचं मैदान होतं. त्या मैदानाची देखभाल आणि एका कर्नलसाहेबांची पिशवी खांद्यावर वागवणं, ही सरांची ड्युटी. कर्नलसाहेब निवृत्त होताना तीन काठ्या आणि पत्र्याचा डबाभर बॉल त्यांना देऊन गेले. माणसानं ते आठवण म्हणून फळीवर ठेवले असते. सरांनी आमच्या शाळेत नोकरी धरल्याच्या पहिल्याच हिवाळ्यात गायरानात डालड्याचे नऊ डबे पुरले, त्यात बांबूवर लाल फडकी लावली आणि ते अख्खं मैदान जसंच्या तसं टेंभुर्णीत उतरवलं.

तुम्ही तिथं कधी खेळलात का, असं मी सुरुवातीलाच विचारलं होतं.

"आमाला कोण खेळू देतंय? आमी पाहिलं," सर म्हणाले. "खेळणाऱ्याला बॉल दिसतो. पाहणाऱ्याला खेळ दिसतो."

हे त्यांनी अशा थाटात सांगितलं की मला वाटलं हे एकदाच ऐकावं लागेल. कुठलं काय.

सर दिसायला काटक, रंगानं पक्के काळे, डोक्यावर बारीक कापलेले केस आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. बुटांना खडू ते शाळेतून आणायचे. एक सवय त्यांची साऱ्या गावाला माहीत होती. कुठलंही काम करायच्या आधी ते उजव्या हाताचं पहिलं बोट जिभेला लावून वर धरायचे. वारा कुठून आहे ते पाहायचे. गायरानात ठीक आहे, पण हेडमास्तरांच्या खोलीत शिरण्याआधी, भाजी घेण्याआधी, एकदा तर आमच्या घरी जेवायला बसण्याआधीसुद्धा त्यांनी बोट वर धरलं. बायकोला वाटलं, मीठ कमी झालंय म्हणून काहीतरी खूण करताहेत.

प्रत्येक होल कसा खेळायचा हे त्यांना पाठ होतं, आणि त्यांना पाठ आहे म्हणून मलाही झालं. पहिल्या होलवर साहेब लोकांच्या मेसचा व्हरांडा होता. सगळे बघत बसलेले असत, म्हणून खेळणारा हटकून जोरात मारी आणि बॉल चरात जाई. तेव्हा पहिल्या होलला हलकाच टोला द्यायचा, दुसऱ्या टोल्याला जागा बरी मिळेल एवढाच. टेंभुर्णीत आम्हाला बघायला एक गुराखी असायचा आणि तोही पाठ करून बसलेला. तरी मी जोरात मारला की सर म्हणायचे, अंभोरे, व्हरांड्याला भुललात.

तिसऱ्या होलला आडवी खाडी होती. तिथं दोनच रस्ते. एक तर खाडीच्या अलीकडे बेतानं थांबायचं, नाहीतर मन घट्ट करून पलीकडे फेकायचं. अर्धवट विचार केला की बॉल पाण्यात. आमच्या गायरानात खाडीच्या जागी ओढा होता. तो वर्षातले आठ महिने कोरडा ठाक. पण सर त्या ओढ्यात उतरू द्यायचे नाहीत. खाडी आहे म्हटल्यावर खाडीतून चालत कसं जाणार? आम्ही दोघं बारा महिने सडकेवरच्या पुलावरून वळसा घालून पलीकडे जायचो. पुलावरून जाताना मी दर वेळी खाली बघायचो. खाली वाळूत कुत्री झोपलेली असायची.

पाचव्याला दोन नारळांच्या मधून मारायचं. इथं दोन लिंब होते. पुढे एक लिंब कुणीतरी तोडून नेला, तर सर उरलेला लिंब आणि न उरलेला लिंब यांच्या मधून मारायला लागले. माझा बॉल एकदा त्या न उरलेल्या लिंबाला लागला, असा त्यांनी निकाल दिला.

आणि भरती-ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला समुद्र वर चढतो, म्हणून त्या दिवसांत महेबूबभाईंच्या बांधाच्या अलीकडचे चार हातसुद्धा पाण्यात धरायचे. एकदा माझा बॉल स्वच्छ गवतावर पडलेला होता, मला तो जन्मात पहिल्यांदा जिंकायची संधी देत होता, आणि सर शांतपणे म्हणाले की आज पौर्णिमा आहे. त्या दिवशी मी काठी टाकून घरी आलो. पुढच्या रविवारी शिट्टी वाजली आणि मी परत गेलो. माझ्यासारख्या माणसाचं काय करायचं, मला कळत नाही.

पण सरांचा सगळा जीव सातव्या होलमध्ये. सातव्याला डाव्या हाताला लांबलचक समुद्र, उजव्या हाताला काटेरी झुडपं, आणि झेंडा सरळ समोर. नवखा माणूस झेंड्यावर नेम धरतो. समुद्रावरून वारा येतो आणि त्याचा बॉल उचलून काट्यात नेतो. म्हणून तिथं नेम समुद्रावर धरायचा. बॉल पाण्यावर जाऊ द्यायचा. पाहणाऱ्याच्या छातीत धस्स होतं, आता गेला म्हणून, आणि तेवढ्यात वारा त्याला वळवून झेंड्यापाशी आणून टाकतो.

"समुद्राकडं मारा. वारा परत आणतो." हे त्यांचं ब्रीदवाक्य. भिऊन झेंड्यावर मारणारा माणूस त्यांच्या लेखी कामाचा नव्हता.

आता टेंभुर्णीत वारा नसतो असं नाही. उन्हाळ्यात वावटळी येतात, घरावरचे पत्रे उडतात. पण हिवाळ्यातल्या सकाळी पानसुद्धा हलत नाही. त्यामुळे सर नेम धरून बॉल महेबूबभाईंच्या कपाशीत मारायचे आणि तो कपाशीतच राहायचा. समुद्रात पडलेला बॉल काढायला जायचं नाही, हा नियम. मी गणिती माणूस. मी त्यांना शंभर वेळा सांगितलं असेल की ती रीत त्या मैदानासाठी होती, इथं झेंड्यावर मारा, हातात येईल. गाढवापुढे वाचली गीता. त्यांचं म्हणणं, रान बदललं म्हणून खेळ बदलत नसतो.

आता कापूस फुटल्यावर कपाशीत पांढरा बॉल शोधणं म्हणजे काय, हे ज्यानं वेचणी पाहिली आहे त्याला सांगायला नको. बायकांच्या ओटीत बोंडाबरोबर बॉलही जायचा. असाच एक बॉल एका वर्षी महेबूबभाईंच्या कापसातून जाफराबादच्या खरेदी केंद्रावर पोचला. कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरनं गाडीत कोपरापर्यंत हात घातला आणि त्याच्या हाताला तो लागला. वजन वाढावं म्हणून गोटे घातलेत, असा त्यानं चार लोकांत बोभाटा केला आणि गाडी रांगेच्या बाहेर काढायला लावली. महेबूबभाई उभ्या पंचक्रोशीत सचोटीचा माणूस. ते तसेच एसटीनं परत आले आणि थेट शाळेत शिरले. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"सर, माझ्या खेताला तुमी समंदर म्हणता, म्हणा. मी कधी न्हाई म्हटलो का?" ते म्हणाले. "पण मंग कापूस कोणाचा, माझा का मच्छीचा?"

सरांनी काय उत्तर द्यावं? समुद्रात पडलेला बॉल समुद्राचा, तुम्ही तो विकायला नेलाच कसा. मी कपाळावर हात मारला. शेवटी महेबूबभाईंबरोबर जाफराबादला गेलो मी. त्या ग्रेडरला गोल्फ समजावून सांगितला मी. तो म्हणाला, यात समुद्र कुठं आहे, आणि मी पदवीधर माणूस, चारचौघांत महेबूबभाईंकडे बोट दाखवून म्हणालो की समुद्र म्हणजे यांचं रान. त्यानं आमच्या दोघांकडे फार कीव येऊन पाहिलं आणि गाडी सोडली. परत येतो तर सर पुलावर उभे. म्हणाले, सुटली ना गाडी? मी म्हणत न्हवतो? त्यांना ओढ्यात ढकलून द्यावं असं मला मनापासून वाटलं. पण खाली खाडी होती.

त्यानंतर महेबूबभाईंच्या घरच्या रजियाबींनी एक युक्ती काढली. वेचणीत सापडलेले बॉल त्या एका टोपलीत साठवायच्या आणि संक्रांतीच्या दिवशी, सोनुने वहिनींकडे तिळगूळ घ्यायला येताना, ती टोपली वर रुमाल घालून घेऊन यायच्या. समंदर का वाण, म्हणायच्या आणि हसायच्या. वहिनीही हसायच्या. सर मात्र हसायचे नाहीत. ते टोपली माझ्यापुढे धरून म्हणायचे, बघा. आलं का न्हाई परत?

गोष्ट गायरानापुरती राहिली असती तर मी एवढं लिहिलं नसतं. सर संसारही सातव्या होलसारखाच खेळायचे. त्यांच्या मंगलला मंठ्याचं एक स्थळ आलं. मुलगा शिकलेला, घर चांगलं, मंगलच्या मनातही भरलेला. सरांना तर ते स्थळ इतकं पसंत होतं की आदल्या रात्री भिंतीपलीकडून त्यांच्या येरझाऱ्या मला ऐकू येत होत्या. पाहुणे आले. चहा झाला. मुलाच्या वडिलांनी घसा साफ करून विषय काढला, आणि सर म्हणाले की आमची पोरगी अजून शिकायची आहे, आम्हाला बिलकुल घाई नाही, तुम्ही दुसरीकडे पाहिलं तरी चालेल. मी समोर बसलो होतो. माझ्या हातातली बशी कलंडली. नेम सरळ समुद्रावर.

पाहुणे भले लोक. त्यांनी नमस्कार केला आणि ते उठून स्टँडकडे चालू लागले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात शिऱ्याचं भांडं धरून उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, माझ्याकडे पाहिलं. मी तसाच पळालो. जालन्याची गाडी सुरू झाली होती, तिच्या आडवा उभा राहिलो, कंडक्टरच्या शिव्या खाल्ल्या. सरांची बोलायची तऱ्हा लष्करी आहे, ते आवडल्यावर असंच बोलतात, असं काहीबाही सांगून पाहुण्यांना शिरा खायला परत आणलं. त्यात माझा घोटा मुरगळला. लग्नात मी लंगडत अक्षता वाटत होतो. सरांनी त्यातल्या चिमूटभर हातात घेतल्या, हवेत सोडून वारा पाहिला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अंभोरे, मी भ्यालो असतो तर झालं असतं का हे लगीन?"

शाळेत तर दरवर्षी एक राजीनामा ठरलेला. खो-खोच्या पोरांना जायला-यायला पैसे मिळाले नाहीत की सर राजीनामा लिहून हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवायचे, म्हणजे ते घाबरून पैसे देतील. हेडमास्तर घाबरणाऱ्यांतले नव्हते. एका वर्षी त्यांनी खरंच त्यावर सही करायला पेन काढलं. मी मध्ये पडलो, हातापाया पडलो, कागद फाडला, पैसे मंजूर करून घेतले. सरांनी खोलीबाहेर बोट ओलं करून वर धरलेलं होतं.

हळूहळू माझ्या ध्यानात आलं की टेंभुर्णीत वारा मीच आहे. मी, वहिनी आणि थोड्याफार रजियाबी. सर मारत होते आणि आम्ही आणून देत होतो. हे त्यांना सांगावं असं फार वाटायचं. एकदा सांगितलंही. ते म्हणाले, वारा आपलं नाव सांगत फिरत नसतो. मी हात टेकले.

पण विलासच्या बाबतीत आमचं काही चाललं नाही.

विलास सरांचा मुलगा. अबोल, बापासारखाच काटक. जालन्याला तंत्रनिकेतनात शिकत होता, पण त्याचा जीव पुस्तकात नव्हता, विहिरीवरच्या मोटारींत होता. जळालेली मोटार उघडून नवी तार भरायचं काम त्यानं सुट्टीत कुणाकडे तरी पाहून शिकून घेतलं होतं. शिक्षण सोडून त्याला गावातच दुकान टाकायचं होतं. सरांचा याला विरोध होता का? अजिबात नाही. आदल्याच रविवारी पुलावरून जाताना ते मला म्हणाले होते की पोराच्या हातात कला आहे, टाकू दे दुकान. पण पोरगं समोर उभं राहून बोललं, तेव्हा त्यांना वाटलं की याचा निश्चय किती पक्का आहे ते पाहावं. भिंतीपलीकडून मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"जायचं तर जा. आन् गेला तर या घराचा उंबरा परत चढू नको."

विलासनं दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं पुणं गाठलं. दुकान नाही, गाव नाही, तिकडे एका कारखान्यात लागला. सर स्वस्थ होते. दिवाळीला येतो का न्हाई पाहा, म्हणाले. दिवाळी आली. मग दुसरी आली. वहिनी संध्याकाळच्या गाडीच्या वेळेला काही ना काही आणायचं निमित्त काढून स्टँडकडे जायच्या आणि काहीच न आणता परत यायच्या. मला ते बघवत नसे. सर ओसरीवर बसून बुटांना खडू लावत असायचे. त्या दिवसांत मला त्यांचा इतका राग आला होता की मी दोन-तीन रविवार आजारी पडून घेतलं.

पुढे एका प्रशिक्षणाला मला पुण्याला जावं लागलं. मी विलासला शोधून काढलं. त्याची खोली लहान, पण नीटनेटकी होती. त्यानं चहा केला. मी माझं नेहमीचं सुरू केलं, की तुझ्या आप्पांची बोलायची तऱ्हाच तशी, त्यांच्या मनात तसं नव्हतं वगैरे. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"काका, मला म्हाईत है त्यांच्या मनात काय होतं," तो म्हणाला. "मंग त्यांनी सोता म्हणावं, ये म्हणून. तुमच्या सांगण्यानं आलो तर ते म्हणतील वाऱ्यानं आणला."

पोरगं बापाला पुरतं ओळखून होतं. मी त्याच्या घरमालकाचा फोन नंबर घेतला आणि परत येऊन सरांना निरोप दिला. एक शब्द आहे, सर, तेवढा म्हणा. सर माझ्यावर असे भडकले की काय सांगू. सातव्या होलला थेट झेंड्यावर मारायला सांगतो का मला, म्हणाले. आठवडाभर बोलले नाहीत. मला तेवढंच सुख होतं. रविवारी शिट्टी वाजली.

अशी वर्षं गेली. सर निवृत्त झाले. सत्काराला विलास येईल असं त्यांना वाटलं असावं, कारण भाषणाला उभं राहिल्यावर ते बराच वेळ फाटकाकडेच बघत होते. मग दोन वाक्यं बोलून बसले.

त्यानंतरच्या संक्रांतीची गोष्ट. रजियाबी नेहमीसारख्या टोपली घेऊन आल्या. मी ओसरीवर सरांपाशी बसलो होतो. वहिनींनी त्यांना हळदीकुंकवाच्या बायकांत बसवलं, तिळगूळ दिला. रजियाबींनी रुमाल काढून टोपली पुढे केली आणि दरवर्षीचं वाक्य म्हणाल्या. वहिनींनी हात पुढे केला नाही.

"बॉल नको मला," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "इतके वर्षं हेच घेऊन राह्यले. तुमच्या समुद्राला म्हणावं, माझं पोरगं आणून दे."

रजियाबींनी टोपली खाली ठेवली आणि त्या वहिनींच्या पाठीवर हात ठेवून तशाच बसून राहिल्या. मी सरांकडे पाहायचं टाळलं. ते उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार नव्हता, तरी सकाळी शिट्टी वाजली. सहा होल आम्ही कसेबसे उरकले. सातव्याला त्यांनी बोट जिभेला लावलं आणि वर धरलं. फार वेळ धरलं. मग वाकून चिमूटभर माती घेतली आणि सोडली. माती सरळ खाली त्यांच्या बुटांवर पडली.

"अंभोरे, इथं वारा न्हाई."

मला वाटलं आजच्यापुरतं म्हणताहेत. मी म्हटलं, हो, आज जरा पडलाच आहे.

"आजचं न्हाई म्हणत मी. इथं वाराच न्हाई. कधीच न्हवता."

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मी वीस वर्षं तडफडत होतो. ऐकलं आणि मला इतकं वाईट वाटलं की वाटलं, नसते बोलले तर बरं होतं. त्यांनी बॉल उचलून खिशात घातला, काठी खांद्यावर टाकली आणि गावाची वाट धरली. ओढा आला. मी सवयीनं पुलाकडे वळलो. सर वळले नाहीत. ते सरळ ओढ्यात उतरले, वाळूतून चालत गेले आणि पलीकडे चढले. झोपलेली कुत्री दचकून उठली.

एसटीडी बूथपाशी येऊन त्यांनी माझ्यापुढे हात केला. मी विलासच्या घरमालकाचा नंबर दिला. ते काचेच्या खोलीत शिरले आणि मी बाहेर उभा राहिलो. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. घरमालकानं विलासला बोलावलं असावं. सरांनी आधी थंडीचं विचारलं. मग इकडे कापूस बरा झाल्याचं सांगितलं. मग म्हणाले, आमचं इकडं सगळं बराबर है, तू काई काळजी करू नको, तुला काम असंल, यायचं काई कारण न्हाई. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काचेवर दणादण बुक्क्या मारल्या. बूथवाला धावत आला. सरांनी वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो, "झेंड्यावर मारा, सर."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

"ये रे बाबा," ते म्हणाले. "मला करमून न्हाई राह्यलं."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ठाऊक नाही. सर बाहेर आले ते डोळे पुसतच, आणि बूथवाल्याला म्हणाले की तुझ्या खोलीत धूळ फार आहे.

विलास शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं आला. वहिनी स्टँडवर होत्याच. सगळं गाव त्या दोघांच्या मागून घरापर्यंत आलं. बापलेकांनी एकमेकांची विचारपूस केली ती अशी, जणू एक जण शेजारच्या गावाहून आला होता. रात्री भिंतीपलीकडून भांड्यांचा आणि बोलण्याचा आवाज उशिरापर्यंत येत राहिला. मला फार दिवसांनी शांत झोप लागली.

सकाळी शिट्टी वाजली. त्याच उन्हाळ्यात आम्ही टेंभुर्णी सोडून जालन्याला राहायला आलो आणि सर पुढे दोन वर्षांतच गेले. त्यामुळे मला आठवतात ते सर त्या सकाळचेच आहेत. आम्ही तिघं निघालो. मला वाटलं होतं, आता माणूस बदलला, आता तरी चार रविवार सुखाचे जातील. तिसऱ्या होलला ओढा आला आणि सर पुलाकडे वळले. ये रे माझ्या मागल्या. मी म्हटलं, परवा तर उतरला होतात. ते म्हणाले, परवा ओहोटी होती.

सातव्याला त्यांनी पाय समुद्राकडे रोखले. महेबूबभाईंच्या रानात शेवटची वेचणी राहिली होती, पऱ्हाटी छातीइतकी उभी होती आणि एक पान हलत नव्हतं. मी म्हटलं, सर, इथं वारा नाही, तुम्हीच म्हणालात. त्यांनी ऐकलंच नाही. टोला बसला. बॉल बांधावरून उंच गेला आणि कपाशीत दिसेनासा झाला.

विलास खिशात हात घालून पुढे चालत होता. तो थांबला. मग बांध ओलांडून तो सरळ रानात शिरला. वीस वर्षांत त्या समुद्रात आमच्यापैकी कुणी पाऊल ठेवलं नव्हतं. छातीइतक्या पऱ्हाटीतून तो आत गेला, वाकला, दिसेनासा झाला, पुन्हा उभा राहिला आणि त्यानं हात मागे नेऊन बॉल फेकला. तो गायरानावर आला, दोन टप्पे घेऊन घरंगळला आणि झेंड्यापासून चार पावलांवर थांबला.

सरांची नजर शेवटपर्यंत तीक्ष्ण होती. स्टँडवर आलेल्या गाडीची पाटी त्यांना शाळेच्या फाटकातून वाचता यायची. त्यांनी सगळं पाहिलं होतं. तरी त्यांनी बोट जिभेला लावलं आणि वर धरलं.

"पाहिलं का अंभोरे? आणतो का न्हाई?"

माझ्याकडे या प्रश्नाचं वीस वर्षांचं उत्तर तयार होतं. पण विलास अंगाला कापूस चिकटलेला तसाच बांध चढून बाहेर येत होता आणि सर त्याच्याकडे बघत होते.

"आणतो, सर," मी म्हणालो.